डोंगरात पडलेल्या विमानाची परात

"घाबरू नकोस. हात हलका ठेव." विमान चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांचा तो आवाज मला अजून आठवतो.

मित्रांनो, मी एक जुनी परात आहे. पण जन्मानं विमानाचा पत्रा. महायुद्ध चालू होतं. नव्या वैमानिकांना शिकवणाऱ्या छोट्या विमानाच्या पोटाला मी बसवलेली होते. एके सकाळी अकोले तालुक्यातल्या डोंगरांवर दाट धुकं उतरलं आणि डोंगरच आम्हाला आडवा आला. शिकवणारे मास्तर गेले, शिकणारा वाचला. खालच्या वाडीतल्या माणसांनी त्याला घोंगडीच्या झोळीतून खाली नेलं. एकानं मला डोक्यावर घेतलं. त्याचा आठ वर्षांचा मुलगा उत्तम मागं वळून वळून बघत घरी आला.

कमरुद्दीन कारागिरानं मला तापवून, ठोकून गोल केलं. "हे जर्मन लई ताठ हाय!" तो कुरकुरला. आमच्याकडं अ‍ॅल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. जर्मनीशी लढायला निघालेली मी, अशी जर्मन झाले!

मग सुखाची वर्षं आली. भीमजयंतीचा शिरा माझ्यात निवायचा. तान्ही बाळं माझ्यात बसून पाणी उडवायची. उत्तमची बायको विमलबाई कणीक मळताना गायची:

आभाळातून पडली बाई, माझ्या अंगणी परात,
तिच्यात मळते कणीक, सुख मावेना घरात.

पुढं स्टील आलं आणि मी माळ्यावर गेले. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली.

यंदा मात्र उत्तमरावांची नात वृषाली विमान चालवायच्या शिक्षणाला निवडली गेली. जेवणाला सारं गाव येणार, म्हणून मला खाली काढलं. घरभर हसू होतं. नव्वदीचे उत्तमराव तेवढे गप्प. निवडीचं पत्र आल्यापासून त्यांनी 'जा' म्हटलं नव्हतं.

"आबा जा म्हणेपर्यंत मी जायची नाही," वृषाली म्हणाली.

"त्यांनी डोंगरावं मढं पायलंय गं," विमलबाई कुजबुजल्या. "भ्यालेत."

मित्रांनो, जुनं भांडं राखेनं घासा, पुन्हा उजळतं. आणि घरातल्या गप्प माणसापाशी घडीभर बसा. वृषालीला न्यायला गाडी दाराशी आली, तेव्हा ती तशीच उत्तमरावांपाशी बसली.

"आबा, नको म्हणायचं तर नको म्हणा. पण बोला ना!"

"नको कोन म्हनतंय?" उत्तमरावांनी मान वर केली. "त्या दिवशी समदी त्या जखमी पोराला उचलत हुती, आन मी मोडक्या विमानात चढून बसलो. बानं कान धरून खाली वढलं."

"आगं बया! आन मला इतकी वरसं सांगितलं न्हाई व्हय!" विमलबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. सगळे खदखदून हसले.

उत्तमरावांनी नातीचे दोन्ही हात धरले.

"मलाबी उडायचं हुतं, पोरी. लाजंपायी कुनाला बोललो न्हाई. तुझं पत्र आलं आन त्यो दिस फिरून आठवला बघ, म्हनून गप हुतो. जा तू."