डाव्या डोळ्याची बाई

बारा वर्षं तिनं फक्त डावे डोळे काढले.

दुकानाच्या काचेमागे कपडे घालून उभे राहतात ना, त्या पुतळ्यांचा तो कारखाना. हात, पाय, धड, डोकं सगळं साच्यातून निघायचं, डोळे मात्र ब्रशनं काढायचे. आणि थोरल्या मालकांनी, म्हणजे सध्या भिंतीवर फोटोत असणाऱ्यांनी, एक नियम घालून दिला होता: एका माणसानं दोन्ही डोळे काढायचे नाहीत. एकाच हातचे दोन डोळे शेजारीशेजारी आले की पुतळा बघायला लागतो, आणि पुतळा बघायला लागला की गिऱ्हाईक बिचकतं. "बघायचं गिऱ्हाइकानं. पुतळ्यानं नुसतं उभं राहायचं," असं थोरले मालक म्हणत. आपल्या मुलांनाही त्यांनी याच तत्त्वावर वाढवलं होतं.

म्हणून टेबलाच्या मधोमध प्लायवूडची फळी ठोकलेली होती. फळीला डोकं जाईल एवढं भोक. अलीकडे ही डावा डोळा काढायची, डोकं भोकातून पलीकडे सरकवायची, आणि पलीकडचा माणूस उजवा काढायचा. त्याला सगळे 'उजवे' म्हणत, आडनाव असल्यासारखं. हिला 'डावी'. कामात बोलायला मनाई होती, आणि बारा वर्षांच्या सवयीनं दोघं बाहेरही बोलत नसत. त्याचा चेहरा तिला धड ठाऊक नव्हता. हात मात्र पाठ होता.

सगळं सुरळीत चाललेलं असताना धाकट्या साहेबांनी, म्हणजे थोरल्या मालकांच्या मुलानं, एक व्याख्याते बोलावले. विषय होता रोजच्या जगण्यातली सर्जनशीलता. व्याख्याते बाह्या सरसावून म्हणाले, "तुमच्या प्रत्येकाच्या आत एक कलाकार झोपलाय. त्याला उठवा!"

"उठवून बसवायचं कुठं?" धड विभागातून आवाज आला. "इथं आम्हालाच स्टूल नाही."

हशा ओसरल्यावर व्याख्यात्यांनी घरचा अभ्यास दिला. प्रत्येकानं घरी स्वतःचं, अगदी स्वतःचं असं काहीतरी करायचं आणि तीन महिन्यांनी आणून दाखवायचं. पॅकिंगवाल्यानं सुतळीचे पक्षी करायचं ठरवलं. हातवाल्यानं कविता करायच्या ठरवल्या, आणि दुर्दैवानं केल्याही.

डावीला आपल्याला काय करायचंय ते बसल्या जागीच कळलं. तिला उजवा डोळा काढायचा होता. एकदाच, एका डोक्यावर, दोन्ही डोळे आपले.

भंगारातून तिनं कान तुटलेलं एक डोकं मागून घेतलं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आणलं.

"हे कोण?" नवऱ्यानं विचारलं.

"डोकं."

"असू दे. घरात तेवढंच कमी होतं."

सासूबाईंनी फक्त बघून घेतलं. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची खुर्ची होती. तिथून ओटा, बाहेरचं दार आणि शेजारणीची गॅलरी, तिन्ही ठिकाणं एकाच वेळी नजरेखाली असत. दूध उतू जाण्याच्या आधी त्यांना ते दिसे. पण त्या सांगत नसत. उतू गेल्यावर म्हणत, "वाटलंच होतं."

रोज सकाळी कुकरच्या पहिल्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मधे डावी एक उजवा डोळा काढायची आणि थिनरनं पुसायची. हाताला वळणच डाव्याचं. उजवीकडेही तो डावाच काढून बसायचा. मग ते डोकं असं दिसे, की दोन्ही डोळे एकाच बाजूच्या बसस्टॉपवर उभे आहेत.

"डावा बरा आहे," सासूबाई खुर्चीतून म्हणायच्या. "उजवा मेलेल्या माशाचा."

"जमेल, आई."

"जमायचं असतं त्याला बारा वर्षं लागत नाहीत."

सत्तरएक डोळे पुसून झाल्यावर ती कारखान्यात भोकातून बघायला लागली. उजवेंचा ब्रश नाकाकडच्या कोपऱ्यातून निघायचा, वर चढताना हलका व्हायचा, उतरताना श्वास सोडावा तसा टेकायचा. दोन दिवसांनी तिच्या लक्षात आलं की डोकं आता भोकाच्या जवळ ठेवलं जातंय, आणि तो हात पूर्वीपेक्षा हळू चालतोय.

डोळा जमला, तर नजर कुणाची द्यायची हा प्रश्न आला. नवऱ्याचे डोळे सतत मोबाइलमध्ये, त्याच्या फक्त पापण्या काढता आल्या असत्या. तिच्याकडे पुरतं, टक लावून बघणारं माणूस जगात एकच होतं. तिनं खुर्चीकडे बघितलं. खुर्ची तिच्याकडे आधीपासूनच बघत होती.

ज्या सकाळी ते जमलं, त्या सकाळी नवरा आत आला, डोक्याकडे बघून थबकला, स्वतःची ताटली उचलली, विसळली, जागेवर ठेवली आणि हात पुसत म्हणाला, "मी हे का केलं?"

सासूबाई उठून जवळ आल्या. डोक्याभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"डावा किंचित मोठा झालाय," शेवटी म्हणाल्या.

डावीला त्याचंही काही वाटलं नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं तिला झालं होतं. बसमध्ये डोकं मांडीवर घेऊन बसली, तर बसभर लोकांनी न सांगता तिकिटं हातात काढून धरली.

दाखवायच्या दिवशी तिनं फडकं काढलं. धाकट्या साहेबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. व्याख्यात्यांनी पायावरचा पाय खाली घेतला. हातवाल्यानं कवितांचा कागद खिशात घातला. ही एकच गोष्ट त्या दिवशी सर्वांच्या भल्याची झाली.

साहेबांनी नियम मोडून ते डोकं एका धडावर बसवलं आणि तो पुतळा एका दुकानात उभा केला. त्याच्यासमोर कुणाच्या तोंडून "जरा बघून सांगते" निघेना. लोक आत यायचे, दिसेल ते घ्यायचे आणि माफी मागून जायचे. तीन दिवसांत महिन्याचा माल संपला. थोरल्या मालकांचा फोटो उतरवला गेला. साहेब सत्काराला म्हणून डावीच्या घरी आले, दारातल्या खुर्चीत खरे डोळे बघितले, आणि सोफ्यावर बसलेले उठून उभे राहिले. चहा उभ्यानंच घेतला.

महिन्याभरात त्या डोळ्यांचा शिक्का आला. रबरी, मुठीत मावेल एवढा. ठप्पा मारला की दोन्ही डोळे.

छोटा समारंभ झाला. डावीला पाकीट मिळालं. त्यात एक प्रशस्तिपत्र होतं, 'आतला कलाकार जागा केल्याबद्दल', आणि त्याच्याच पाठीला चिकटून दुसरा कागद, सेवा समाप्त झाल्याचा. उजवेंच्या पाकिटात फक्त दुसरा. ते काही जागे झाले नव्हते.

प्लायवूडची फळी काढली तेव्हा दोघांनी एकमेकांना समोरून बघितलं.

"तुम्ही डावी होय?" उजवे म्हणाले. "मला वाटायचं उंच असाल."

ती सवयीनं त्यांच्या हाताकडेच बघत होती.

"उजवा छान आलाय तुमचा."

"तुमचाच बघून शिकले."

"ठाऊक आहे. म्हणून तर हात हळू चालवायचो." त्यांनी ब्रश कागदात गुंडाळले. "चुकलंच माझं."

आणि ते गेले.

डावी साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, एकच विचारायचं होतं. शिक्क्यात दोन्ही डोळे माझेच आहेत ना?"

"आहेत की," साहेब म्हणाले. मग प्रामाणिक माणूस असल्यामुळे पुढे म्हणाले, "म्हणजे एक आहे, ताई. डावा जरा मोठा होता. तो काढून टाकला आणि उजवाच उलटा करून दोन्हीकडे बसवला. कुणाच्या लक्षातही येत नाही."

"डावा मोठा आहे, हे कुणाच्या लक्षात आलं मग?"

"तुमच्या सासूबाईंच्या. त्यांना घेतलंय आम्ही. तपासणीला."

सकाळी साडेआठला आता कारखान्याची गाडी सासूबाईंना न्यायला येते. ठसा मारलेला प्रत्येक पुतळा त्यांच्यासमोर आणतात. त्या त्याच्या नजरेला नजर देतात, आणि जो आधी नजर चुकवेल तो नापास. पहिल्या आठवड्यात दोनशे अकरा पुतळे नापास झाले. डबा डावी भरून देते. दारातल्या खुर्चीत दिवसभर ते कान तुटलेलं डोकं असतं, शिक्का झाल्यावर कारखान्यानं परत दिलेलं; जागा रिकामी नको म्हणून सासूबाईच ठेवून जातात.

एके दिवशी सासूबाई गेल्यावर कुकरची पहिली शिट्टी झाली आणि डावीनं डोकं ओट्यावर घेतलं. थिनरनं दोन्ही डोळे पुसले. पुन्हा काढायचे ठरवले, पण या वेळी कुणाकडे न बघता, स्वतःची नजर. डावा झटक्यात आला, किंचित मोठा. मग तिनं उजवा काढला. त्यातून सासूबाईंनी बघितलं. पुसला, पुन्हा काढला. पुन्हा सासूबाई. ब्रश उलट्या हातात धरून बघितला, डोळे मिटून बघितलं. डोळे मिटून काढलेल्यात त्या जास्तच हुबेहूब आल्या. तिसरी शिट्टी झाली. तिनं शेवटचा उजवा पुसला, गॅस बंद केला आणि एका डोळ्याचं डोकं खुर्चीत नेऊन ठेवलं.

संध्याकाळी सासूबाई आल्या. चप्पल काढता काढता त्यांनी डोक्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आता कसं," त्या म्हणाल्या, आणि आवाजात चक्क माया होती. "जेवढं जमतं तेवढंच करावं माणसानं."

मग त्यांनी डबा तिच्या हातात दिला. झाकण नीट लागलं नव्हतं, तेही सांगितलं.