तिघांचा कॅरमबोर्ड

मी कॅरमबोर्ड बोलतोय. अंगावरचं पॉलिश उडालंय, मधलं फूल फिकट झालंय, पण कान शाबूत आहेत.

मला सुतारकाकांनी घडवलं, लेकीसाठी. झाडावरून पडून तिचा पाय मोडला होता आणि बसल्या बसल्या ती घर डोक्यावर घेत होती. काकांनी गिऱ्हाइकाचं कपाट बाजूला सारलं आणि मला तासायला घेतलं.

पाय बरा झाला, खेळ मात्र सुटला नाही. काकांच्या वर्कशॉपच्या दारात रोज संध्याकाळी तिघं जमायची. काकांची लेक म्हणजे ताई, फळवाल्याचा थोरला आणि पोस्टमनचा धाकटा. फळवाल्याचा अंगानं दांडगा, म्हणून तो पैलवान. पोस्टमनचा प्रत्येक फाउलवर वाद घालायचा, म्हणून तो वकील. पुढे तो कोर्टाची पायरीही चढला नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

ताई दोघांनाही हरवायची. मग वकील म्हणायचा, "बोर्डच वाकडा आहे!"

आतला रंधा थांबायचा. "बोर्ड सरळ आहे रे, तुझी मान वाकडी आहे!" काका ओरडायचे. काय हसायची सगळी! पैलवान तर हसता हसता सोंगट्या उधळून द्यायचा.

मुलं मोठी झाली. ताई नर्स झाली. पैलवान बाजारात 'दादा' झाला, त्याला पाहून दुकानदार उठून उभे राहू लागले. वकील निवडणुकीला उभा राहिला. पैलवानाची माणसं दारोदार फिरली, समोरच्या उमेदवाराला अचानक तब्येतीची काळजी वाटू लागली, आणि वकील निवडून आला. त्यानंतर पोलिसांनी पैलवानाला उचललंच, तर वकिलाचा एक फोन पुरायचा.

काका भाबडे. "आपला पोरगा साहेब झाला," म्हणत त्यांनी मला घासूनपुसून, नवं पॉलिश देऊन वकिलाच्या ऑफिसात भेट पाठवलं.

तिथे माझ्यावर कुणी खेळलं नाही. चहाचे कप ठेवले, सिगारेटी विझवल्या. एकदा एक नकाशा पसरला. त्यात सुतारांच्या गल्लीभोवती लाल रेघ होती.

"गल्ली सोडायला सगळे तयार आहेत. काका तेवढे अडून बसलेत," वकील म्हणाला.

"काकांना मी हात लावणार नाही," पैलवान म्हणाला.

"लाव म्हटलं का मी? मी काहीच म्हटलं नाही. बिल्डर घाईत आहे, एवढंच सांगितलं."

पैलवान बराच वेळ माझ्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग उठून गेला.

वर्कशॉप भर दुपारी पेटलं. पैलवानानं काकांची जेवायची वेळ साधली होती, म्हणजे माणूस वाचेल. पण काका हत्यारं वाचवायला धावत आले आणि आगीत शिरले. जीव वाचला, दोन्ही हात भाजले.

काही दिवसांनी ताई ऑफिसात आली. दोघंही समोरच होते.

"ताई, मी चौकशी लावतो," वकील गडबडीनं म्हणाला.

"लाव. मी त्यासाठी नाही आले." तिनं माझ्यावरचे कप एकेक करून खाली ठेवले. "बाबांच्या हातची एवढीच वस्तू उरलीय. ती न्यायला आलेय."

पैलवान मला उचलायला पुढे झाला. "राहू दे," ती म्हणाली. एवढं माझं वजन, पण तिनं एकटीनं जिना उतरून मला नेलं.

दुसऱ्याच दिवशी पैलवान आपण होऊन पोलिसांत गेला. सगळं सांगितलं, वकिलाचं नावही घेतलं. वकील पत्रकारांना म्हणाला, "या माणसाशी माझी ओळख नाही." ते खपलं. पैलवान तुरुंगात गेला, वकील आणखी वर गेला.

आता मी ताईच्या घरी खिडकीपाशी असतो. काकांची बोटं वळत नाहीत. ते नुसते तळवे माझ्यावर टेकवून बसतात. कधी खालून वकिलाची मिरवणूक जाते, तो घराघराकडे बघून हात जोडतो. ताई खिडकी लावून घेत नाही. त्याची नजर खाली जाईपर्यंत बघत राहते.

खरं सांगू? मला अजून ती तिघं हवी आहेत. फाउलवरून भांडणारी, तोंड फुगवणारी. माफी कुणाला द्यावी, हे लाकडाला कुठून कळणार? तुम्ही आलात तर जरा टेका. पावडर डबीत आहे.