शेवट सांगायचा नाही

“ही पुस्तकाच्या निम्म्यावर आलीय,” चष्मेवाले म्हणाले. “म्हणते, होडीवाल्याची बहीण खोटं बोलतेय.”

आम्ही माना खाली घातल्या. ‘ही’ म्हणजे त्यांची बायको, आमची वहिनी. ती जाऊन वर्ष होत आलं होतं.

दर रविवारी माझ्या शिवणाच्या दुकानात आम्ही पुस्तकवेडे जमतो. कोण काय वाचतंय ते सांगायचं, आवडलेलं दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं. वहिनी आमच्यातली सगळ्यात खादाड वाचक. चष्मेवाल्यांनी जन्मभर लोकांना चष्मे करून दिले, स्वतः मात्र दुकानांच्या पाट्यांपलीकडे काही वाचलं नाही. ती गेल्यावर ते तिच्या जागी येऊन बसू लागले, तिच्यासाठी पुस्तकं मागून नेऊ लागले. बिचाऱ्यांचा जीव रमतोय तर रमू दे, म्हणून आम्ही गप्प बसायचो.

आमच्यातल्या मास्तरांना मात्र ते पटेना. निवृत्त झाले तरी पेपर तपासायची खोड काही जात नाही त्यांची. हे पुस्तक त्यांनीच दिलं होतं, आणि मुद्दाम दिलं होतं.

“बघू,” म्हणत त्यांनी ते ओढून घेतलं. बांधणीत मधल्या पानांच्या कडा कापायच्या राहून गेल्या होत्या. ती पानं एकमेकांना जोडलेलीच होती.

“बहिणीची सगळी भानगड या बंद पानांत आहे. ताई, तुम्हीच बघा.”

मी कडेवरून बोट फिरवलं. एकही पान फाडलेलं नव्हतं. मी पुस्तक पटकन खाली ठेवलं.

“तिला काय हो, वाचायचं म्हटलं की वाचते,” चष्मेवाले कौतुकाने हसले.

घाबरलेला माणूस भलतंच बोलून जातो. मास्तर ओरडले, “खोटंबिटं काही नाही! ती खरंच बोलत असते, म्हणून तर शेवटी तिला बुडवतात!”

आमचा नियम एकच, शेवट सांगायचा नाही. वहिनी तर शेवट कळला की त्या पुस्तकाचं तोंडही बघायची नाही. एकदा कुणीतरी असंच बोलून गेलं, तर महिनाभर रुसून आली नव्हती.

चष्मेवाले दाराकडे बघत होते. दारात कुणीही नव्हतं.

“अगं, थांब,” ते म्हणाले आणि लगबगीने बाहेर पडले.

पुढच्या रविवारी ते आलेच नाहीत. मग मास्तर आणि मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

“वहिनींसाठी नवं आणलंय,” मास्तर म्हणाले. “मीसुद्धा वाचलेलं नाही.”

“उशाशी ठेवलीत की चार. हात लावत नाही.”

“रुसल्या असतील हो. येतील.” मास्तरांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. मला त्यांचा रागही आला होता आणि आता कीवही येत होती.

“मीही तेच म्हणतो. पण संध्याकाळी आतून पानं उलटल्याचा आवाज यायचा ना, त्या आवाजात माझा स्वयंपाक होऊन जायचा. आता घर खायला उठतं. चूल पेटवावीशी वाटत नाही.”

मास्तर उठले. पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेले. जरा वेळाने पान उलटल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने आणखी एक.

चष्मेवाले कान देऊन ऐकत होते.

“ही एवढं सावकाश नाही वाचत,” ते मला हळूच म्हणाले, आणि उठून भाजी चिरायला बसले.