माझ्या टाकीला कुलूप लागलं तेव्हा

मित्रांनो, आसेगावच्या स्टँडवर चहाच्या टपरीजवळ एक पांढरी जीप उभी असते, ती मी. पांढरी म्हणायची ती जुन्या ओळखीवर. माझं मागचं एक दार दुसऱ्याच गाडीचं आहे आणि ते पिवळं आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण माझी गोष्ट हसण्यासारखी नाही. ती एका चोरीची आहे, जी कधी झालीच नाही. खरं सांगायचं तर तुमच्याकडेही मी जरा संशयानेच बघते आहे. माणसं काय करू शकतात ते मी पाहिलं आहे.

दूरच्या एका कारखान्यात मला जोडलं, ट्रकवर चढवलं आणि नानाजींच्या अंगणात आणून उतरवलं. नानाजी म्हणजे माझे मालक, आसेगावचे मोठे शेतकरी. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी माझ्या बॉनेटवर हळदीकुंकू लावलं. त्यांची सून ज्योत्स्ना कारंजाहून नवरी होऊन आली ती माझ्यातच बसून. गावात तेव्हा माझा थाट होता. दसऱ्याला झेंडूचं तोरण पहिलं मला, मग ट्रॅक्टरला.

मला चालवायला मोहनसिंग आला. मंगरूळपीरच्या रस्त्यावरच्या बंजारा तांड्यात त्याचं घर. तो अकरा वर्षं माझ्या स्टिअरिंगवर बसला. सकाळी प्रवासी घेऊन मंगरूळपीरची फेरी, दुपारी शेतातली पोती. माझ्या आवाजात जरा खरखर आली की तो कान टवकारायचा. विहिरीवर मला धुताना चाकांच्या आतली माती बोटाने काढायचा. अशा माणसाला मी माझा मालक समजत होते. कागदावर कुणाचं नाव आहे ते मला वाचता येत नाही.

मग माझे वाईट दिवस आले. ते सोयाबीनच्या मळणीतून आले. मळणी यंत्राशेजारी मला उभं करायचे आणि भुशाचा धुराळा माझ्या नाकातोंडात जायचा. इंजिनात शिरणारी हवा गाळायला एक फिल्टर असतो. माझा फिल्टर तीन हंगाम कुणी उघडून पाहिला नाही. मला धाप लागायला लागली. काळा धूर यायचा आणि तेवढ्याच अंतराला डिझेल जास्त लागायचं.

मोहनसिंगने दोनदा सांगितलं. "नानाजी, हवेचा फिल्टर बुजला हाये. गाडी डिझेल पिऊन राह्यली."

"तुले नुसता नव्या सामानाचा शौक," नानाजी म्हणाले. "चालते ना? मंग चालव."

आणि मग तेच नानाजी घरी जाऊन विचारायला लागले की डिझेल जातं कुठं!

एका सकाळी माझ्या बॉनेटवर हात ठेवून ते मनकर्णाबाईंना म्हणाले, "मोहन्या काढते डिझेल. दुसरं कोण काढन?"

"काहून असं बोलता?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "अकरा वर्सं झाले. त्यानं आपल्या घरची सुई नाही हालवली."

"तांड्याचा माणूस हाये. तुले नाही समजत."

मित्रांनो, हे वाक्य नीट वाचा. पुरावा एवढाच. माणूस कुठल्या वस्तीत जन्मला, एवढ्यावर त्याला चोर ठरवून मोकळं व्हायचं. माझ्या टाकीतून कुणी एक थेंब काढला नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण मला हॉर्न आहे, जीभ नाही.

नानाजींनी मला वेल्डिंगवाल्याकडे नेलं. टाकीचं मूळ झाकण काढून फेकलं. त्या जागी जाड लोखंडी झाकण बसवलं, त्याला कडी, कडीला कुलूप. आतून ट्रॅक्टरच्या ट्यूबची चकती कापून लावली. "असं घट्ट कर का वाससुदा बाहीर नाही आला पाह्यजे," हे त्यांचे शब्द. पहिल्यांदा कुलूप लावलं ते भर स्टँडवर, लोकांच्या देखत. किल्ली करदोड्याला बांधली. मोहनसिंग काच पुसत होता. तो एकच काच बराच वेळ पुसत राहिला.

त्याच आठवड्यात मी चालता चालता बंद पडले.

नऊदहा किलोमीटर ठीक गेलं. मग घसा आवळल्यासारखं झालं. आधी एक झटका, मग दुसरा. मोहनसिंगने पाय दाबला तरी जोर येईना आणि मी गपकन बंद. कुठे, तर तांड्याच्या फाट्याच्या अलीकडे. नानाजींचा मुलगा हरीओम मोटरसायकलवर किल्ली घेऊन आला. त्याने कुलूप काढलं, झाकण उघडलं, काठी घालून डिझेल पाहिलं. डिझेल भरपूर होतं. मोहनसिंगने डिझेल ओढायचा इंजिनावरचा हातपंप मारला, चावी फिरवली आणि मी सुरू झाले. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा फाट्याजवळच.

मग काय, गावभर डॉक्टर झाले. कुणी म्हणे इंजिन तापतं, पाणी पहा. कुणी म्हणे बॅटरीची तार ढिली आहे. मंगरूळपीरचा मिस्त्री विनोद चांगला कारागीर. त्याने डिझेलचा फिल्टर बदलला. पाइपातून हवा ओढत असेल म्हणून क्लिपा आवळल्या. टाकीच्या तळाचा गंज आणि पाणी काढून टाकलं. चालती गाडी बंद पडायची ही सगळी खरी कारणं आहेत, एकही खोटं नाही. पण विनोदने काम झाल्यावर मला झाकण न लावताच बाजारापर्यंत एक चक्कर मारली, मी मस्त पळाले, आणि तो म्हणाला, "गाडीत काई दोष नाही. क्लच कसा सोडते ते ड्रायव्हरले विचारा."

झालं! नानाजींना हेच हवं होतं. आता त्यांना सगळं जुळलेलं दिसायला लागलं. गाडी बंद पडते ती तांड्याजवळच. म्हणजे कुलूप तोडायचा काही डाव असणार. म्हणजे झुडपात कॅन घेऊन कुणी बसलेलं असणार. संशयाला खायला घालावं लागत नाही, तो स्वतःच चरून येतो.

आणि लपवत नाही, मीसुद्धा डगमगले. अपमानाचा राग मोहनसिंग माझ्यावर काढतो की काय, मुद्दाम मला बंद पाडतो की काय, असं मला वाटून गेलं. अकरा वर्षं ज्याने मला आंघोळ घातली त्याच्यावर मी संशय घेतला. माझी मला अजून लाज वाटते.

शेवटी एका सोमवारी सकाळी नानाजी स्वतः पुढच्या सीटवर येऊन बसले. मागे सात प्रवासी होते. त्यात मोहनसिंगची बायको गोमतीबाई होती. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तालुक्याला स्वयंपाक करणाऱ्या बायांची बैठक होती, तिकडे निघाली होती.

"आज बंद पडली," नानाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तं मोहन्या, उद्यापासून चावी माह्याजवळ. अन् मी ठाण्यात जातो."

मोहनसिंगने गिअर टाकला. मी जिवाच्या आकांताने पळत होते. आज नको, आज नको म्हणत होते. फाटा दिसायला लागला आणि माझा घसा आवळला.

झटका. झटका. गप्प.

"आलं ना तुह्या घराचं वळण!" नानाजींनी मांडीवर थाप मारली. "कोण उभं हाये झुडपात? बलाव त्याले!"

"नानाजी, माहे पाय पाहा," मोहनसिंगने दोन्ही पाय वर उचलून दाखवले. "क्लचवर नाही, कशावर नाही. गाडी आपल्या मनानं बंद पडली."

"चोट्टा माणूस पायानं नाही, डोक्यानं काम करते."

मोहनसिंगने चावी काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. "घ्या. जा ठाण्यात. मी इथंच बसतो."

प्रवासी खाली उतरले. कुणी मध्ये पडलं नाही. एकाने तेवढं विचारलं, "मंग आमी आता कायनं जावं?" माणसं ही अशी असतात, मित्रांनो.

नानाजींनी करदोड्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं, झाकण वर ओढलं. ते सहज निघेना. जोर लावला तेव्हा निघालं, आणि आवाज आला. सुस्सऽऽ.

"थांबा," गोमतीबाई म्हणाली. "हे काय वाजलं?"

"हवा हाये. तू मधात बोलू नको."

"हवा बाहीर आली का अंदर गेली?"

गोमतीबाईने झाकण हातात घेतलं, उलटं केलं, ट्यूबच्या चकतीवर अंगठा दाबला. "याले हवा जायले भोक कुठं हाये?"

"भोक कायले पाह्यजे? डिझेल चोरीले जाऊन राह्यलं अन् तू भोक इचारून राह्यली!"

"नानाजी, आमच्या शाळेत तेलाचा पिपा येते. त्याले एकच भोक पाडलं तं तेल येते का? गुडगुड करते अन् बंद होते. दुसरं भोक पाडलं का धार लागते. तुमी या टाकीले एकच भोक ठेवलं, इंजिनाकडचं. वरून हवा नाही गेली तं डिझेल खालून येईन कसं? तुमी चोर पकडाले गेले अन् गाडीचं नरडं दाबलं."

एक म्हातारी प्रवासी फिसकन हसली. नानाजींनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पदर सावरायला लागली.

मोहनसिंगने टाकीच्या तोंडावर फडकं ढिलं बांधलं, चावी परत मागून घेतली. हातपंप मारला. मी सुरू झाले आणि मंगरूळपीरपर्यंत एकदाही थांबले नाही. किती दिवसांनी मला छातीभर श्वास मिळाला होता!

पण नानाजींचं मन मानेना. "एकडाव चालली म्हंजे काय झालं," म्हणत त्यांनी झाकण पुन्हा घट्ट बसवलं, कुलूप ठोकलं. मोहनसिंगला तिथेच उतरवलं आणि मला घेऊन एकटे परत निघाले. क्लचवर त्यांचा पाय. चावी त्यांची, किल्ली त्यांची.

मी नऊदहा किलोमीटरवर बंद पडले. या बाजूने निघाल्यामुळे ती जागा फाट्याच्या कितीतरी अलीकडे होती. तांडा नाही, झुडूप नाही, दोन्हीकडे उघडी तुरीची शेतं. नानाजींनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग उतरले, झाकण उघडलं आणि तो आवाज त्यांनी एकट्याने ऐकला.

दुसऱ्या दिवशी हरीओम तांड्यावर परत कामावर ये असा निरोप घेऊन गेला. मोहनसिंगने सांगून पाठवलं, "जिथं कुलूप लावून चोर ठरवलं तिथं येऊन बोला. ऐकणारे बी तेवढेच पाह्यजे."

चार दिवस मी अंगणात उभी होते. पाचव्या दिवशी नानाजी मला घेऊन स्टँडवर आले. भोक असलेलं नवं झाकण हातात होतं. टपरीवर माणसं होती, मोहनसिंगही होता. "मोहनसिंगनं डिझेल नाही चोरलं," ते म्हणाले. "माहीच चूक झाली."

मोहनसिंगने झाकण घेतलं, तोंडाला लावून फुंकलं, हवा जाते का पाहिलं. "गाडीवर बसतो," तो म्हणाला. "पण पयले हवेचा फिल्टर." विनोदने तो उघडला तेव्हा ओंजळभर भुसा निघाला. नवा फिल्टर लागला आणि माझी भूकही पहिल्यासारखी झाली. नानाजींचं डिझेल कोण खात होतं ते सगळ्या गावाने पाहिलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या गाडीचे फिल्टर वेळेवर साफ करा, टाकी स्वच्छ ठेवा, तिच्या श्वासाची वाट बुजवू नका. ती चालता चालता बंद पडली तर आधी बॉनेट उघडा, माणसाची जात-वस्ती उघडू नका. माझं दुखणं एका भोकाने बरं झालं.

मोहनसिंगचं नाही झालं. आजही तो पंपावर डिझेल भरताना खाली उतरतो, माझ्यात बसलेल्या एखाद्या अनोळखी प्रवाशाला हाक मारतो आणि म्हणतो, "भाऊ, जरा या. टाकीत किती गेलं ते तुमी आपल्या डोयानं पाहून घ्या."