उसन्या मापाचा मॉनिटर

मित्रांनो, मी एक जुना, चपटा मॉनिटर आहे. हळहळायला आला असाल तर आल्या पावली परत जा. माझी कहाणी ऐकायची असेल तर हात धुऊन बसा. तेलकट बोटं पडद्याला लावणाऱ्यांशी मी बोलत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या अंगावर ठिपक्यांच्या रांगा बसवल्या. एकेका ठिपक्याच्या पोटात तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन बारीक पट्ट्या. त्या रांगा कमी होत नाहीत की वाढत नाहीत. माझ्या मापाचं चित्र पाठवा, दगडात कोरल्यासारखं अक्षर दाखवतो. दुसऱ्याच्या मापाचं पाठवाल तर ते ओढूनताणून अंगावर घ्यावं लागतं, आणि मग सगळं फिसकटतं. त्यात माझा काय दोष?

दोन हजार पाच साली मी बडोद्याला आलो, मांजलपूरच्या एका सोसायटीत. घराण्याचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार भिंतीवर गंजत होती, पण चिमणाबाईंच्या जिभेला रोज धार लागत होती. त्यांची सून राजेश्वरी दांडिया बाजारातल्या श्रीपतरावांच्या छापखान्याचं टाइपिंग घरी करायची. तेव्हा दिवाळी अंकाचं काम चालू होतं. सुनेनं काय लिहिलं ते पलंगावरून वाचल्याशिवाय चिमणाबाईंच्या घशाखाली चहा उतरत नसे.

पहिल्याच दिवशी त्या कडाडल्या, "विक्रम, ही मुंग्यांची रांग मला दिसत नाही. जुन्या डब्यावर दिसायचं तसं कर!"

त्यांचा मुलगा विक्रमसिंह मोठा आज्ञाधारक. त्याने कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सला माझ्या आधीच्या ढेरपोट्या मॉनिटरचं माप सांगून टाकलं. झालं! अक्षरं मोठी झाली, पण पाण्यात पडलेल्या कागदावरच्या शाईसारखी पसरली.

मग सगळे माझ्यावर उठले.

"फुकटातलं लिनक्स आणलं, फुकटातलंच दिसणार," चिमणाबाई म्हणाल्या.

"मॉनिटरच डिफेक्टिव्ह आहे," विक्रमसिंह म्हणाला.

मला पाठीला बांधून स्कूटरवरून दुकानात नेलं. दुकानदार राजेश्वरीला म्हणाला, "बेन, मॉनिटर बराबर छे. तमे आंखो बतावो." डोळ्यांच्या डॉक्टरने राजेश्वरीचे डोळे ठणठणीत ठरवले. तिचं डोकं मात्र रोज ठणकायचं, आणि चुका वाढतच होत्या. शेवटी श्रीपतरावांचा फोन आला. "वहिनी, पुन्हा असली प्रूफं आली तर अंक दुसरीकडे देईन. वाईट वाटून घेऊ नका."

"बरं होईल," पलंगावरून आवाज आला. "घरात जरा सुनेचा उपयोग होईल."

त्या दुपारी राजेश्वरीला पहिल्या दिवशीची बारीक, रेखीव अक्षरं आठवली. तिने मराठीत एम.ए. केलं होतं, कॉम्प्युटरमध्ये नव्हे. पण अपमानाने माणूस भराभर शिकतं. तिने मला माझं माप दिलं. मग अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची सेटिंग शोधून माझ्या तिन्ही पट्ट्यांचा क्रम सांगितला. काय सांगू! 'क्ष'चा प्रत्येक बाक सुटा दिसला.

"मला दिसू नये म्हणून बारीक केलंस!" चिमणाबाई गरजल्या.

"तसं समजा, आईसाहेब."

वाघोडियाहून नोकरीवरून आलेल्या विक्रमसिंहाने की-बोर्डकडे हात नेला.

"अहो, हात लावलात तर अंक तुम्ही टाइप करायचा," राजेश्वरी म्हणाली. तो पाय धुवायला निघून गेला.

आता एक गोष्ट सांगतो. माझं माप तसंच ठेवून नुसता अक्षरांचा आकार वाढवता येतो. रेखीवही दिसतं आणि मोठंही. राजेश्वरीला ते सापडलं होतं. पडद्यावर सेटिंगची ती खिडकी तिने उघडली, पलंगाकडे एकदा पाहिलं आणि बंद केली. तेव्हा मला वाचा असती तरी मी चुगली केली नसती. मलाही डिफेक्टिव्ह म्हणून झालं होतं.

चिमणाबाईंनी अबोला धरला. तो त्यांनाच सोसवेना. एके सकाळी करकर आवाज करत त्यांनी खुर्ची टेबलापर्यंत ओढत आणली.

"सरक," त्या म्हणाल्या. नाक माझ्या पडद्याला टेकेल इतक्या वाकल्या आणि पुटपुटत वाचू लागल्या. "ह्या गोष्टीतली मावशी वर विधवा आहे. मग खाली नवऱ्याला जेवायला कशी वाढते, भूत आलंय काय?"

राजेश्वरीने पाहिलं. खरंच होतं. तिने श्रीपतरावांना फोन लावला. लेखकाचीच चूक निघाली, आणि अंक तिच्याकडेच राहिला. सासूने तिला शाबासकी दिली नाही आणि तिने अक्षरं मोठी केली नाहीत. खुर्ची मात्र रोज तिथेच लागू लागली. दोघी कोपराला कोपर लावून भांडायच्या.

आज माझ्या अर्ध्या रांगा मेल्या आहेत. माळ्यावर पडलोय, वर रद्दीचे गठ्ठे. असो. पण मित्रांनो, घरात कोणी नवं आलं, वस्तू असो की माणूस, तर जुन्याचं माप त्याच्या अंगावर चढवू नका. नीट दिसत नसेल तर त्याला ताणू नका. बूड उचला आणि जवळ येऊन बसा.