आण्याच्या मुलींकडून आम्ही का हरलो

मित्रांनो, मी फुटबॉल खेळायचा एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा. माझा डावा जोडीदारही इथंच, कांद्याच्या चाळीत, फाटक्या बारदानावर पडलेला असतो. त्याला आता कशाचंच काही वाटत नाही. मला मात्र वाटतं. महाळुंगे पडवळच्या मुलींचा संघ उपांत्य सामना का हरला, याची गावात हजार कारणं सांगतात. खरं कारण कुणीच सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी मंचरच्या दुकानात आलो आणि बरेच दिवस काचेमागं धूळ खात बसलो. एका बाजारच्या दिवशी लंकाबाई आपल्या मुलीला, संस्कृतीला घेऊन आल्या. मुलीनं मला पायात घातलं आणि दुकानातच दोन उड्या मारल्या. "आई, हेच," एवढंच म्हणाली.

खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे मी तिला चावलो. नवं कातडं ताठ असतं, त्याला पायाची ओळख नसते. संस्कृती मला घालून घरात वावरायची, गोठ्यात जायची, हळूहळू पळायची. मग मी सैल झालो. तिची करंगळी कुठं येते, टाच कुठं टेकते, ते माझ्या अंगावर उमटलं. त्यानंतर मैदानात तिला माझी आठवणही राहत नसे. बुटाला याहून मोठी शाबासकी कोणती?

शाळेमागच्या माळावर आमचा सराव चाले. सुनील सर शिट्टी फुंकायचे आणि ऊन उतरलं की पोरींना घाई करायचे, कारण उसात बिबट्या होता. खडे लागून माझं नाक सोललं, तळ उसवला. मंचरच्या स्टँडवर बसणाऱ्या गेणभाऊंनी मला पक्का दोरा मारला आणि म्हणाले, "आजून एक सीझन काढील राव ह्यो!"

तो सीझन आमचाच होता. साखळीतला एकही सामना आम्ही हरलो नाही. संस्कृती उजवीकडून पळत आली की समोरच्या मुली आधीच मागं सरकायच्या. गोलरक्षक स्नेहल तर म्हणायची, "माझ्याकडं बॉल येतच न्हाई, मी काय करू?" उपांत्य सामना जुन्नरला, आणे गावच्या मुलींशी होता. पठारावरच्या त्या पोरी जेमतेम पात्र ठरल्या होत्या. चषक आपलाच, असं सगळे धरून चालले. शिवाय पुण्याच्या संघासाठी खेळाडू निवडणारे दोघं तो सामना बघायला येणार होते. संस्कृतीचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं.

आणि ते नाव बाळासाहेबांच्याही कानावर गेलं. बाळासाहेब निवडणुकीला उभे राहणार होते. सामन्याच्या दिवशी सकाळीच त्यांनी देवळापुढं मांडव घातला. हरण्याजिंकण्याच्या आधीच सत्कार! फेटे बांधले, पेढे भरवले, भाषणं झाली. पोरी उन्हात उभ्या. मग बाळासाहेबांनी प्रत्येकीला नव्या बुटांचं खोकं दिलं. पायाचं माप कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्या जोड्या एकाच मापाच्या.

"हितंच घाला," बाळासाहेब म्हणाले. "फोटो नीट येऊ द्या. आन् ती जुनी खेटरं टाकून द्या आता."

संस्कृतीनं मला टाकलं नाही. गुपचूप पिशवीत घातलं. जीपमध्ये बसताना ती सरांना म्हणाली, "सर, हे लई आवळत्यात. मी माझेच घालते."

सर खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब समोर बसणार हायेत. जरा कळ काढ."

मित्रांनो, मैदानाच्या कडेला अर्धवट उघड्या पिशवीतून मी तो सामना पाहिला. आमच्या पोरी जपून पावलं टाकत होत्या, जशा काही तापल्या वाळूवर चालत असाव्यात. आण्याच्या मुलींच्या पायांत विटलेले, शिवलेले बूट होते आणि त्या वाऱ्यासारख्या पळत होत्या. संस्कृतीला दोनदा मोकळी जागा मिळाली. दोन्ही वेळा ती पोचेपर्यंत चेंडू गेला होता. प्रेक्षकांतून कुणी ओरडलं, "हवा डोक्यात गेली पोरीच्या!"

मध्यंतराला ती माझ्याशेजारी येऊन बसली. मोजा टाचेशी लाल झाला होता. तिनं नवा बूट ओढून काढला आणि मला हातात घेतलं. तेवढ्यात बाळासाहेब फोटोवाल्याला घेऊन तिथं आले.

"हे काय गं? एवढे भारी बूट दिले, आन् तू हे घालणार? लोक काय म्हनतील?"

"साहेब, टाच सोलली हो."

"नवे हायेत, चावणारच. व्हतील सैल." मग त्यांनी सरांकडं पाहिलं.

सरांनी संस्कृतीकडं पाहिलं नाही. त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं, पिशवीत टाकलं आणि चेन ओढली.

पुढचं मी फक्त ऐकलं. आण्याचा गोल झाल्याचा गलका ऐकला. मग पेनल्टी आम्हाला मिळाली, तेव्हाची शांतता ऐकली. "संस्कृती! संस्कृती!" असा पुकारा झाला. पायाचा आवाज मला ओळखीचा. ती लंगडत धावली. मग एक बद्द, मऊ आवाज आला, आणि आण्याच्या पोरी आनंदानं किंचाळल्या.

पिशवी पुन्हा उघडली तेव्हा कळलं, पुण्याचे पाहुणे शेवटच्या शिट्टीआधीच निघून गेले होते. बाळासाहेब म्हणाले, "आता ह्याच्यापरीस जास्त काय द्यायचं? पोरीत दमच न्हाई." सर मान हलवत राहिले. एकटी आण्याची कर्णधार संस्कृतीजवळ आली, तिच्या पायाकडं पाहून म्हणाली, "हे काढून का न्हाई टाकलेस तू?" संस्कृती खाली बसून नाड्या सोडू लागली.

घरी लंकाबाईंनी कोमट पाण्यात पाय भिजवून मोजा सोडवला. संस्कृती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, सगळी म्हनत्यात मी पेनल्टी घालवली."

जखम भरली, पण ती माळावर परत गेली नाही. एकदा स्नेहल बोलवायला आली होती.

"चल की गं. तुझ्याबिगर संघ न्हाई व्हत."

"सर सगळ्यांपुढं सांगत्याल का, बुटामुळं हरलो म्हनून?"

स्नेहल उंबऱ्याशी घुटमळली. "सर न्हाई बोलायचे."

"मग म्या बी न्हाई यायची."

त्याच संध्याकाळी तिनं मला इथं आणून ठेवलं. उंदरांनी माझी जीभ कुरतडली आहे, दोरा सुटत चालला आहे. त्याचं दुःख मला फारसं नाही, बूट झिजायचाच. पण माझ्यात आणखी एक सीझन शिल्लक होता, आणि तिच्या पायांत कितीतरी.

मित्रांनो, तुम्ही उद्या कुणाचे सर व्हाल, कुणाचे साहेब व्हाल. कुणाला काही द्याल तेव्हा आधी त्याचं माप विचारा. आणि एखादी पोर दुखतंय म्हणाली, तर खाली वाकून तिचा पाय बघा. फोटोवाला थांबेल. तो नाही थांबला, तरी काही बिघडत नाही.