बारा वीसची खोटी जाग

टॉवरवाल्याचा फोन आला तेव्हा ती प्रयोगशाळेत, आलेखातली रेघ निळी ठेवावी की हिरवी, या विवंचनेत होती. सोमवारी संशोधनाला पैसे देणाऱ्यांपुढे सादरीकरण होतं. तीन वर्षांचं काम एका रेघेत मावलं होतं, आणि रंगाचा विचार करण्याइतकी चैन तिला बऱ्याच दिवसांनी परवडत होती.

“मॅडम, तुमच्या झोपाळू टॉवरखाली उभा आहे,” तो म्हणाला. महिन्यातून एकदा बॅटऱ्या तपासायला तो त्या टेकडीवर जाई. “बॅटऱ्या ठणठणीत आहेत. पण एक आजोबा काठी टेकत इथवर चढून आले होते. मला विचारतात, माणसाने फोन लावला की नाही, हे टॉवरला कळतं का?”

“फोन लागत नाही अशी तक्रार आहे का त्यांची?”

“तेच तर ना. तक्रार नाहीच. म्हणतात, मी रोज लावतो की नाही, तेवढंच सांगा. मी म्हटलं, आजोबा, मी आपला वर चढणारा माणूस, मला काय कळणार? शहरात एक मॅडम आहेत, त्यांना सगळं कळतं.” तो हसला. “दिलं तुमच्या गळ्यात टाकून.”

“किती वाजता लावतात ते?”

“बारा वीसला. मिनिटसुद्धा इकडचं तिकडे होत नाही म्हणाले.”

तिचा हात माउसवर होता तिथेच थांबला.

बारा वीस ही वेळ प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होती. तिचं संशोधन टॉवर झोपवण्याचं होतं. मोबाइलचा टॉवर कुणी बोलत नसतानाही वीज खात राहतो. कोणत्या वेळी कुणी बोलत नाही हे शिकून घेऊन तेवढा वेळ त्याला झोपवणारी आज्ञावली तिने लिहिली होती. झोपेतही टॉवरचा एक बारीकसा कान उघडा असे. कुणी फोन लावला की तो कान टॉवरला उठवण्याची मागणी करी आणि चाळीस सेकंदांत टॉवर उठून बसे. सहा आठवड्यांपूर्वी टेकडीवरच्या टॉवरवर खरी चाचणी सुरू झाली. दुपारी तिथली सगळी माणसं खाली दरीत कामावर असत, म्हणून टॉवर बारा ते तीन झोपे.

आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की रोज बारा वीसला कुणीतरी टॉवरला उठवतं आणि बोलत मात्र काहीच नाही. टॉवर डोळे चोळत उठतो तर समोर कुणी नाही. शेजारच्या टेबलावरचा ढापण्या, म्हणजे तिच्याबरोबरच पीएचडी करणारा जाड चष्म्याचा मुलगा, त्याला ‘तुझं भूत’ म्हणायचा. “आलं का गं तुझं भूत जेवायला?” रोज तोच विनोद.

तिने भुताचा बंदोबस्त केला होता. उठल्यावर एक सेकंदाचंही बोलणं झालं नाही तर ती जाग खोटी, असा नियम घातला. मग आज्ञावली आपणहून शिकली: दुपारची पहिली मागणी सोडून द्यायची, लगेच दुसरी आली तरच उठायचं. ज्याला खरंच बोलायचं आहे तो दुसऱ्यांदा लावणारच. वीज चौतीस टक्के वाचली. आणि सोमवारच्या पहिल्याच पानावर तिने लिहिलं होतं, ‘एकही फोन हुकला नाही.’

“कुठे राहतात ते आजोबा?” तिने विचारलं.

*

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती लॅपटॉप घेऊन पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. टेकडीच्या उतारावर बारा-पंधरा घरं. आजोबांचं घर शेवटचं, दोन खोल्यांचं. दार त्यांच्या मुलीने उघडलं. चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, हातात अर्धवट घडी केलेला सदरा. मागे खाटेवर बॅग उघडी होती.

“फोनच्या कंपनीतून आलात?”

“नाही, विद्यापीठातून. टॉवरवर आमचं एक काम चालू आहे. तुमच्या वडिलांनी काल काही विचारलं होतं—”

“बाबा तिथवर चढून गेले होते?” मुलीने सदरा खाटेवर टाकला. “बघा आता. मला म्हणाले, पाय मोकळे करून येतो.” ती खुर्चीवरच्या आजोबांकडे वळली आणि आवाज चढवून म्हणाली, “टॉवरवर गेला होतात तुम्ही?”

“गेलो होतो,” आजोबा म्हणाले. “पाय मोकळे झाले.”

त्यांना कमी ऐकू येत होतं. चाळीस वर्षं छापखान्यात जुळारी होते, हाताने अक्षरांचा एकेक शिशाचा खिळा उचलून ओळी लावायचे. यंत्रांच्या खडखडाटात कान गेले. “पण डोळे शाबूत आहेत,” ते तिला म्हणाले. “अख्खं पुस्तक जुळवायचो, चूक निघायची नाही. निघाली तर जेवण गोड लागायचं नाही.”

मुलीने तिला स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. वडिलांना ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही ती हळू बोलत होती.

“मी खाली फळं पॅक करायच्या कारखान्यात आहे. आत फोन नेता येत नाही, बाहेर कपाटात ठेवतो. साडेबाराला सुटी झाली की पहिल्यांदा बघायचं, बाबांचा मिस्ड कॉल आहे का. एक असला की जेवले, गोळी घेतली, सगळं ठीक. बोलायची गरजच नाही, आणि बोलले तरी त्यांना ऐकू कुठे येतंय? चार वर्षं असं चाललंय. त्यांच्या फोनचा पडदा कधीच गेला. दोनचं बटण दाबून धरायचं, पाचपर्यंत मोजायचं, बंद करायचं. नवा घेऊन दिला तर तो कपाटात.”

“आणि आता?”

“आता दीड महिना झाला, एकदाही नाही. पहिल्या दिवशी मी धावत वर आले. पस्तीस मिनिटांची चढण. येऊन बघते तर हे खुर्चीत, मस्त. म्हणे, लावला की फोन. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर चढत होते, मग मुकादम म्हणाला, बाई, एकतर वर राहा नाहीतर खाली.” तिने डोळ्यांवरून पालथा हात फिरवला. “गोळी घेतल्याचंही असंच सांगत असतील ना? लावला म्हणतात आणि लावलेला नसतो. रविवारी दादा गाडी घेऊन येतोय, सामान आवरायला आज रजा काढली. त्याच्याकडे नेणार. बाबांना जायचं नाहीये. पण हट्ट तरी किती चालवून घ्यायचा, डोकंच जर...”



संशोधक बाई भिंतीला टेकून उभी राहिली. चौतीस टक्के, निळी रेघ, खोटी जाग. एक सेकंदही न बोलणारा फोन म्हणजे फोनच नव्हे, हे तिने एका ओळीत लिहून टाकलं होतं. ती ओळ लिहायला तिला एक मिनिटही लागलं नव्हतं.

“बारा वीसला त्यांना फोन लावायला सांगाल?” ती म्हणाली. “आज तुम्ही घरी आहात तरी.”

*

तिने लॅपटॉप टेबलावर उघडला. टॉवरकडे येणाऱ्या मागण्या पडद्यावर ओळीओळीने उमटत. टॉवर झोपला तरी त्याच्या नोंदी तारेने प्रयोगशाळेत जात, आणि त्या तिने येताना उपग्रहाच्या छोट्या अँटेनावरून जोडून घेतल्या होत्या. पडदा रिकामा होता.

आजोबांनी घड्याळाकडे बघितलं. खिशातून फोन काढला, अंगठ्याने दोनचं बटण चाचपून दाबून धरलं, फोन कानाशी नेला नाहीच. ओठ हलत होते: एक, दोन, तीन, चार, पाच. फोन बंद करून खिशात.

मुलीचा फोन खाटेवर गप्प पडला होता.

पडद्यावर एक ओळ आली. बारा वीस, उठवण्याची मागणी. ओळीपुढे आज्ञावलीचा शेरा: खोटी, सोडून दिली.

“हा तुमचा फोन,” ती मोठ्याने म्हणाली आणि ओळीवर बोट ठेवलं. “टॉवरपर्यंत पोचला. टॉवरने पुढे जाऊ दिला नाही.”

“का बरं?” आजोबा म्हणाले.

“मी त्याला तसं शिकवलं म्हणून.”

मग तिने मागच्या नोंदी उघडल्या. नंबर दिसत नसत, प्रत्येक फोनला नुसता एक सांकेतिक आकडा असे. आत्ताच्या ओळीवरचा आकडा तिने शोधाला लावला. सरसर ओळी खाली उतरल्या. बारा वीस, बारा वीस, बारा एकवीस, बारा वीस. सहा आठवडे. वरवर पाहता फक्त बुधवार रिकामे.

“बुधवारी माझी सुटी असते,” मुलगी म्हणाली. ती वाकून एकेक तारीख वाचत होती, जणू त्यातली एखादी खोटी निघेल. “हा सोमवार... हा मी वर आले तो दिवस. बाबा, तुम्ही म्हणालात लावला, आणि मी तुमच्यावर ओरडले.”

“काय म्हणते?” आजोबांनी विचारलं.

“रोज लावला होतात!” ती त्यांच्या कानाशी ओरडली.

आजोबांनी चष्मा चढवला आणि खुर्ची पुढे ओढली. जुळारी जसा छापाचा पहिला कागद वाचतो तसे ते वरून खाली, बोट न उचलता वाचत गेले. मग बोट थांबलं.

“इथे एक दिवस गळलाय. मंगळवारचा.”

संशोधक बाईने पाहिलं. खरंच नव्हता. “त्या दिवशी आमची नोंदच चुकली असेल—”

“नाही. त्या दिवशी डोळा लागला माझा. उठलो तर दोन वाजलेले. हिला सांगितलं नाही.” त्यांनी मुलीकडे बघितलं. “छत्तीसातला एक विसरलो. तो माझा. बाकीचे नाहीत.”

मुलगी हसली, हसता हसता खाटेवर बसली आणि तोंड सदऱ्यात लपवलं.

आजोबा हसले नाहीत. त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. मनगटाच्या आत निळ्या शाईच्या बारीक रेघा होत्या, धुऊन पुसट झालेल्या, त्यावर पुन्हा नव्या काढलेल्या.

“फोन लावला की रेघ मारायचो,” ते संशोधक बाईला म्हणाले. “संध्याकाळी ही म्हणायची, नाही आला. मी हात बघायचो. रेघ असायची. मग वाटायचं, रेघ मारली आणि लावायचाच राहिला असेल. तुमचा राग येतोय मला, बाई. येणारच. पण तुमचं यंत्र चुकलं असेल असं एकदाही मनात आलं नाही. माझंच डोकं गेलं असं धरून बसलो.”

“चूक माझीच आहे,” ती म्हणाली. ते त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिला ते दुसऱ्यांदा, ओरडून म्हणावं लागलं.

*

सरांना फोन करायला ती अंगणात आली. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. पहिल्या वेळी फोन लागला नाही, कारण टॉवर झोपला होता आणि तिची मागणीही त्याने खोटी धरून सोडून दिली. दुसऱ्या वेळी तिने लावला आणि चाळीस सेकंद फोन कानाशी धरून उभी राहिली. प्रबंधात चाळीस हा फार छोटा आकडा दिसे.

“सर, चाचणी आज थांबवायची परवानगी हवी. आणि पहिल्या पानावरचं वाक्य काढावं लागेल.”

तिने सगळं सांगितलं.

“टक्के किती उरतील?” त्यांनी शेवटी विचारलं.

“रिकामे फोन खरे धरले तर पंधरा. कदाचित बारा.”

“सोमवारच्या लोकांनी चौतीस बघून मुदतवाढ द्यायची होती तुला.”

“हो.”

“बाराला देतील असं मी सांगू शकत नाही.” पलीकडे खुर्ची करकरली. “तो नियम मी तपासला होता. वाचून ‘छान’ असंही लिहिलं होतं. तेव्हा सोमवारी हे दोघं मिळून सांगू. टॉवर उठव आधी.”

तिने तिथेच पायरीवर बसून टॉवर उठवला आणि झोपेची आज्ञा पुसून टाकली. आत मुलीने भावाला फोन लावला होता. आवाज बाहेरपर्यंत येत होता.

“अरे, विसरत नव्हते... नाही, नाही, लावतच होते... अरे, टॉवर झोपत होता! टॉवर! ... मला वेड नाही लागलं!”

ती दारात आली तेव्हा आजोबांनी फोन ओढून घेतला होता. ऐकण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांनी नुसतं सांगायला सुरुवात केली. “रविवारी ये. जेवून जा. बॅग मी रिकामी करतोय.” आणि फोन मुलीच्या हातात दिला. “काय म्हणतो?”

मुलीने ऐकलं. तिचा चेहरा पडला. फोनवर हात धरून ती संशोधक बाईला म्हणाली, “त्याला पटत नाहीये. म्हणतो, बाबांनी तुला गुंडाळलंय, मी गाडी घेऊन निघतोच.”

आजोबा दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते.

“द्या इकडे,” ती म्हणाली, आणि फोन घेतला. “नमस्कार. टॉवर झोपवण्याचं काम माझं आहे. तुमचे वडील सहा आठवडे रोज फोन लावत होते. ते सगळे मी टाकून देत होते. तारखा आहेत माझ्याकडे, एकेक वाचून दाखवते. पहिल्यापासून सुरू करू?”



“करा,” भाऊ म्हणाला.